खाडीतील जिवांचा नकाशा

महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष व सदस्य यांना खुले पत्र

नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी भरती-ओहोटीच्या जोरावर जिथे एकमेकांत मिसळते, तो पट्टा म्हणजे खाडी. महाराष्ट्राच्या किनाऱ्याने उत्तरेकडून निघाले की वैतरणा, उल्हास नदीची वसई खाडी, ठाणे खाडी, अंबा नदीची धरमतर, कुंडलिकेची रेवदंडा, राजपुरी, सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, मुचकुंदीची पूर्णगड, जैतापूर, वाघोटणची विजयदुर्ग, आचरा, कर्ली आणि गोव्याच्या हद्दीवरची तेरेखोल अशा खाड्या लागतात. यांतील प्रत्येकीत कोणत्या जातीच्या वनस्पती आणि प्राणी कोठे व किती आहेत, हे दाखवणारा नकाशा म्हणजे खाडीचा जैवनकाशा. किनारा नियमन क्षेत्राच्या हद्दी, बंदरांचे प्रस्ताव, भरावाच्या तक्रारी, कांदळवन लागवडीच्या जागा हे सारे निर्णय अखेर कुठल्या ना कुठल्या नकाशावर बोट ठेवून होतात. सध्या वापरात असलेल्या नकाशांत कांदळवनाचा हिरवा रंग बऱ्यापैकी अचूक भरलेला असतो. त्याच्या पुढ्यातला चिखल, पाठीमागची खारभूमी आणि मधले पाणी मात्र जवळजवळ कोरे राहते. हे कोरेपण का राहते आणि ते कसे भरता येईल, हा या पत्राचा विषय आहे.

कोकणातल्या खाडीचा स्वभाव पावसाने ठरतो. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांस साधारण ३५ भाग क्षार असतात, नदीच्या पाण्यात अर्ध्या भागाहूनही कमी. या दोन टोकांमधल्या पाण्याचे वर्ग १९५८ मध्ये व्हेनिस येथे झालेल्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत ठरले आणि आजही तेच वापरले जातात : ०.५ पर्यंत गोडे, ५ पर्यंत मचूळ, १८ पर्यंत मध्यम खारे, ३० पर्यंत खारे आणि त्यापुढे समुद्राचे. युरोपातील नद्यांना वर्षभर कमी-अधिक सारखे पाणी असते, त्यामुळे तिथे हे पट्टे नकाशावर आखून मोकळे होता येते. कोकणात तसे चालत नाही. वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. जुलैत लोंढा थेट मुखापर्यंत खाडीचे पाणी गोडे करून टाकतो, आणि मे महिन्यात खारे पाणी कित्येक किलोमीटर आत घुसलेले असते. गोव्याच्या मांडवी आणि झुआरी नद्यांवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दीर्घकाळ अभ्यास केला. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो आणि क्षारतेचा सारा आराखडा दरवर्षी पावसाळ्यासोबत मोडतो व पुन्हा उभा राहतो, हे त्या अभ्यासातून स्पष्ट झाले. अशा खाड्यांना शास्त्रज्ञ मोसमी खाड्या म्हणतात. मोसमी खाडीत एकाच जागी जानेवारीत एक प्राणिसमूह सापडतो आणि ऑगस्टमध्ये दुसरा. तेथील जैवनकाशा निदान दोन ऋतूंचा असावा लागतो. एका ऋतूचा नकाशा खाडीचे अर्धेच आयुष्य दाखवतो.

क्षारतेचा संबंध कायद्याशीही थेट आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार नदीत नियमन क्षेत्र कोठवर धरायचे, हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात क्षारता दर हजारी ५ भाग जिथे भरते त्या बिंदूवर ठरते. हा निकष शास्त्रशुद्ध आहे, पण तो नैसर्गिक प्रवाहाच्या नदीसाठी आहे. वाशिष्ठीची गोष्ट वेगळी आहे. कोयना प्रकल्पाच्या वीजघरांतून निघालेले अवजल १९६० च्या दशकापासून पश्चिमेकडे वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेच्या पश्चिमेकडील वीजनिर्मितीसाठी ठरवून दिलेली वर्षाची मर्यादाच ६७.५ टीएमसी आहे. कुंडलिकेतही मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून १९२७ पासून येते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा कोकणातल्या इतर नद्या आटून डबक्यांवर आलेल्या असतात, तेव्हा या दोन नद्यांत वीजघराच्या वेळापत्रकाप्रमाणे गोडे पाणी वाहते. साहजिकच ५ भागांचा बिंदू मुखाकडे सरकतो आणि त्याच्याबरोबर कायद्याचे संरक्षणही. उलट वैतरणेच्या खोऱ्यातले पाणी मोडकसागर, मध्य वैतरणा, तानसा अशा धरणांतून मुंबईकडे वळवले जाते, म्हणजे तिथे खारे पाणी अधिक आत शिरायला वाट मिळते. या खाड्यांत क्षारता मोजताना त्या दिवशी वीजघरातून किंवा धरणातून किती पाणी सुटले होते, हे शेजारी लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. प्राधिकरणाकडे येणाऱ्या प्रत्येक क्षारता-अहवालात तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि वरच्या अंगाचा विसर्ग या चार नोंदी सक्तीच्या असाव्यात.

तिथीचा उल्लेख इथे केवळ परंपरेच्या प्रेमापोटी केलेला नाही. कोळी आणि गाबित समाजात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा सुमार मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकरा वाजता. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण असते, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढ-उतार सर्वांत कमी. हा साधा हिशेब उपग्रहाच्या नकाशांना लावून पाहिला की एक मोठी उणीव समोर येते. लँडसॅट, सेंटिनेल-२ आणि भारताचे रिसोर्ससॅट हे प्रकाशचित्र घेणारे उपग्रह सूर्याशी वेळ जुळवून फिरतात. कोकणावर ते नेहमी सकाळी अकराच्या आसपासच येतात. उधाणाच्या दिवसांत नेमकी त्याच वेळी खाडी भरतीने काठोकाठ भरत आलेली असते. उधाणाची खोल ओहोटी लागते ती पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी, तेव्हा उपग्रह डोक्यावर नसतो. दुपारच्या सुमारास ओहोटी असते ती भांगाच्या दिवसांत, आणि भांगाची ओहोटी उथळ. परिणाम असा की चिखलपट्टीचा सर्वांत खालचा भाग, जो महिन्यातून मोजकेच दिवस उघडा पडतो, तो या उपग्रहांच्या चित्रांत कधीच येत नाही. वर्षानुवर्षांची चित्रे जमवली तरी येत नाही, कारण चुकामूक योगायोगाची नाही, चंद्र-सूर्याच्या ठरलेल्या गतीची आहे. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. सपाट चिखलाच्या काठावर तेवढ्या उताराने शेकडो मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो आणि झाकला जातो. नकाशात तो ‘पाणी’ म्हणून रंगवला जातो.

यावर उपाय हाताशी आहे. रडार उपग्रह स्वतःची लहर पाठवून तिचा परतावा मोजतात, त्यांना ऊन लागत नाही आणि ढगही आड येत नाहीत. सेंटिनेल-१ आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हे दोन्ही पहाटे सहा व संध्याकाळी सहाच्या कक्षेत फिरतात. म्हणजे उधाणाच्या ओहोटीशी त्यांची वेळ जवळजवळ जुळते. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असताना प्रकाशचित्रे मिळत नाहीत, तो काळही रडारने भरून निघतो. रडार चिखल आणि पाणी यांची सीमा दाखवते, चिखलात काय जगते हे दाखवत नाही. त्यासाठी माणसाला पाय चिखलात घालावेच लागतात. पण पाय कुठे घालायचे हे तरी रडारच्या चित्रावरून नेमके ठरवता येते.

कांदळवनांच्या बाबतीत राज्याची स्थिती तुलनेने बरी आहे आणि तिचे श्रेय अनेकांना जाते. एथेलबर्ट ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातील कांदळवनांवर १९०५ मध्ये लेख लिहिला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उंटवाले आणि जगताप यांनी गोवा-महाराष्ट्राच्या खाड्यांतली कांदळवने अभ्यासली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळतोडीवर बंदी घातली आणि उपग्रहाच्या आधारे नकाशे करण्यास सांगितले. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला, आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. इतके काम झाले असल्यामुळेच पुढच्या पायरीची अपेक्षा करता येते.

पुढची पायरी म्हणजे जातींची. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात कांदळवनाचे तीन वर्ग असतात : अतिदाट, मध्यम दाट आणि विरळ. हे वर्ग पर्णछत्राच्या घनतेचे आहेत, झाडांच्या जातींचे नाहीत. त्या मोजणीत किमान एक हेक्टरचा तुकडा धरला जातो आणि चित्रातला प्रत्येक ठिपका जमिनीवरील साडेतेवीस मीटर बाजूच्या चौकोनाएवढा असतो. बांधाच्या कडेने दहा मीटर रुंदीची तिवरांची ओळ गेली असेल तर ती चिखलाच्या आणि पाण्याच्या रंगात मिसळून जाते. किनारा नियमनाची अधिसूचना मात्र १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा सांगते, म्हणजे हेक्टरच्या एक-दशांश तुकड्यालाही तिच्या लेखी किंमत आहे. राष्ट्रीय अहवालाचा आकडा हा कायद्याच्या कामाचा आकडा नव्हे, हे सुनावणीत वारंवार विसरले जाते. शिवाय मोजण्याची रीत सुधारली की आकडाही हलतो. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर होते, २०२३ च्या अहवालात ३१५.०९, आणि तरीही याच दुसऱ्या अहवालात राज्यात १२.३९ चौरस किलोमीटरची वाढ नोंदवलेली आहे. दोन अहवालांतील आकडे थेट वजा करून घट किंवा वाढ जाहीर करणे किती घातक, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

जाती ओळखायच्या तर झाडाजवळ जावे लागते. कोकणात कांदळवनातील झाडांच्या सुमारे वीस जाती आहेत. पाण्याच्या तोंडाशी पांढरी चिप्पी उभी असते : अंड्यासारखी गोलट जाड पाने, रात्री उमलणारी पांढऱ्या केसरांची फुले, चिखलातून वर आलेली शंकूसारखी श्वासमुळे. तिच्या जवळपास कांदळ, ज्याची आधारमुळे कमानीसारखी चिखलात रोवलेली असतात आणि ज्याचे बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखे लोंबते. तिवर सर्वांत चिवट. खूप खारटपणा, सांडपाणी, गाळ सारे ती सोसते, म्हणून मुंबई-ठाण्याकडे तिचेच राज्य आहे. काठाकडे सरकले की चीक डोळ्यांत गेल्यास आग करणारा गेवा, काटेरी पानांचे मारांडीचे झुडूप आणि मागच्या खाऱ्या जमिनीत पिलू. गोड्या पाण्याजवळ चिप्पीचीच लाल फुलांची बहीण दिसते. तिवरेच्या दोन जातींत फरक फुला-फळांचा : एकीची फुले अगदी बारीक, दुसरीची ठसठशीत आणि फळ टोकदार. हा फरक उपग्रहाला दिसत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. एकाच जातीचे सलग शंभर हेक्टर आणि आठ जातींचे शंभर हेक्टर नकाशात सारख्याच हिरव्या रंगात येतात. ठरावीक अंतरावर काठापासून जमिनीपर्यंत सरळ रेषा आखायच्या, त्या रेषेवर दहा मीटर बाजूचे चौकोन घ्यायचे, प्रत्येक चौकोनातील झाडांची जात, घेर, उंची आणि रोपांची संख्या लिहायची, ही रीत जुनी व भरवशाची आहे. वन विभागाकडे हे करणारी माणसे आहेत. त्यांच्या नोंदी प्राधिकरणाच्या नकाशावर चढण्याची वाट मात्र आज नाही.

चिखलपट्टीकडे झालेले दुर्लक्ष सर्वांत गंभीर आहे. अधिसूचनेत ‘जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्ट्या’ सर्वोच्च संरक्षणाच्या वर्गात आहेत, कांदळवनाच्या आणि प्रवाळाच्या बरोबरीने. पट्टी सक्रिय आहे की नाही हे ठरते चाळणीवर. ठरावीक क्षेत्राचा चिखल पंधरा-वीस सेंटीमीटर खोलीपर्यंत उचलायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, वर उरलेले वलयी कृमी, बारीक शिंपले, गोगलगायी, खेकड्यांची पिल्ले मोजायची आणि ओळखायची. कष्टाचे, वासाचे, कपडे खराब करणारे काम आहे, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. ज्या पट्टीचा नमुना कधी घेतलाच गेला नाही, तिला प्रस्तावाच्या कागदांत ‘ओसाड’ किंवा ‘रिकामी’ म्हटले जाते. ठाणे खाडीच्या चिखलावर लाखाच्या घरात रोहित पक्षी उतरतात, हिवाळ्यात सैबेरियापर्यंतच्या प्रदेशांतून आलेले तुतारी आणि कुरल चोच खुपसत फिरतात. त्यांचे अन्न त्या ‘रिकाम्या’ चिखलातच असते. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याच्या १६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग होता. २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झाले. त्या कीर्तीतला मोठा वाटा चिखलाचा आहे.

चिखल कोरा दाखवण्याचा आणखी एक धोका आहे, आणि तो चांगल्या हेतूच्या वाटेने येतो. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘मिष्टी’ योजनेत देशभर सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन वाढवण्याचे उद्दिष्ट आहे. लागवडीला जागा शोधताना नकाशावर मोकळा दिसणारा चिखल पहिल्यांदा नजरेत भरतो. तिथे तिवर लावली आणि ती जगली, तर पक्ष्यांचे चरण्याचे रान जाते आणि तिसऱ्या, मुळे, खुबे असे शिंपले काढून संसार चालवणाऱ्या बायकांची जागाही जाते. लागवडीचा आराखडा मंजूर करण्याआधी त्या पट्टीच्या तळजीवांची मोजणी मागणे हे प्राधिकरणाच्या हाती आहे. याच वर्गात सागरी गवतांचाही विचार व्हावा. पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांत हॅलोफिला बेकारी नावाचे नखाएवढ्या पानांचे सागरी गवत उगवते. जागतिक पातळीवर ते धोक्याच्या यादीत आहे, अधिसूचनेत सागरी गवताला संरक्षण आहे, पण ओहोटीला गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही.

कांदळवनाच्या मागे खारभूमी लागते. पेण, अलिबागच्या खारेपाटात पूर्वजांनी मातीचे बांध घालून समुद्र मागे सारला, उघाड्या बसवून पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय केली आणि त्या जमिनीत खारे भात पिकवले. गोव्यात याच व्यवस्थेला खाजन म्हणतात, उघाडीला मानस आणि तिथल्या भाताला कोरगुट. महाराष्ट्रात खारभूमीसाठी १९७९ चा स्वतंत्र अधिनियम आहे. बांध फुटला आणि वेळेत बांधला गेला नाही की खारे पाणी शेतात शिरते, दोन-तीन वर्षांत तिवरांची रोपे येतात, दहा वर्षांत वन उभे राहते. उपग्रहाच्या नकाशात हे कांदळवनाची वाढ म्हणून नोंदले जाते. सात-बारावर ती भातशेतीच राहते, आणि शेतकऱ्याला ना पीक मिळते ना झाड तोडता येते. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ घालायला जैवनकाशात एक स्वतंत्र वर्ग हवा : ‘बांध फुटल्यानंतर उगवलेले कांदळवन’, आणि त्यासोबत बांध केव्हा फुटला ते वर्ष. असा वर्ग नसल्यामुळे शेतकरी आणि वन विभाग एकमेकांना खोटे ठरवतात, आणि त्या भांडणात बांधाच्या डागडुजीचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. चालू स्थितीतील खारभूमीचाही जैवनकाशात समावेश व्हावा. तिथल्या तळ्यांत जिताडा वाढतो, भातखाचरांत पाणपक्षी उतरतात.

प्राण्यांच्या वर्गीकरणात नावांची शिस्त लागते. कांदळवनातली चिंबोरी घ्यावी. वर्षानुवर्षे तिला सगळीकडे एकच शास्त्रीय नाव दिले जात होते. १९९८ मध्ये कीनन आणि सहकाऱ्यांनी त्या वंशाची नव्याने तपासणी करून चार जाती वेगळ्या केल्या. त्यांतल्या दोन भारतात प्रामुख्याने आढळतात : मोठी वाढणारी, नांगीच्या मनगटावर दोन ठळक काटे आणि पायांवर जाळीदार नक्षी असलेली सिला सेराटा, आणि लहान, मनगटावर एकच काटा किंवा तोही बोथट, लालसर नांगीची, बिळात राहणारी सिला ऑलिव्हेशिया. पूर्वीच्या भारतीय लेखनात दुसरीलाच बहुधा सेराटा म्हटलेले सापडते. पहिली समुद्राच्या खारटपणाच्या जवळ राहते, दुसरीला पावसाळ्यातले कमी क्षार चालतात. शासकीय योजनांतून खेकडापालनासाठी बीज वाटले जाते, तिथे ही अदलाबदल थेट नुकसान करते : कमी खाऱ्या खाडीत मोठ्या जातीचे बीज टाकले की ते नीट वाढत नाही आणि दोष पाळणाऱ्या गटाला दिला जातो. माशांच्या बाबतीत उलटे घडते. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात त्याच माशाला मालवण-गोव्याकडे चोणक म्हणतात. हा मासा मचूळ आणि गोड्या पाण्यात वाढतो, विणीसाठी खाडीच्या मुखाकडे उतरतो, आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्याच्या संरक्षणाला मुखापासून वरच्या डोहापर्यंतची सारी खाडी एकसंध धरावी लागते. दोन तालुक्यांच्या नोंदवह्यांत दोन नावांनी तो आला तर दोन वेगळे मासे समजले जातील.

या नोंदवह्या म्हणजे जैवविविधता अधिनियम २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवह्या. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना देशात रुजवली, आणि आज ग्रामपंचायत पातळीवरील समित्यांनी त्या करायच्या असतात. किनारी गावांतील पुष्कळ नोंदवह्या घाईने, एकमेकींच्या नकला करून भरल्या गेल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी पाग जाळे टाकणारा, डोल जाळे लावणारा, ओहोटीला तिसऱ्या काढणारी यांच्यासोबत बसावे लागेल. बोय कोणत्या महिन्यात आत येते, तांबोशीची पिल्ले कोणत्या मुळांत दडतात, करंदी केव्हा सुटते, निवटी कोणत्या काठावरून नाहीशी झाली, हे त्यांना ठाऊक असते आणि त्याला तारखेची नाही तरी तिथीची चौकट असते. माहितीसोबत माहिती देणाऱ्या गावाचे नाव आणि स्थानिक नावाशेजारी शास्त्रीय नाव, असे दोन स्तंभ पक्के असले तर ही नोंद प्राधिकरणाच्या नकाशाला जोडता येते.

मोठे प्राणी संख्येने थोडे, म्हणून त्यांची नोंद वेगळ्या पद्धतीने घ्यावी. पाणमांजराची विष्ठा बांधावर, खडकावर सापडते. स्वयंचलित कॅमेऱ्यात ते रात्री टिपले जाते. मगर खरे तर गोड्या पाण्याची, पण वाशिष्ठीत आणि गोव्याच्या कुंभारजुवे कालव्यात ती भरतीच्या पाण्यातही वावरते. क्षारतेच्या पट्ट्यांवरून प्राण्यांचे अंदाज बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाणमांजराच्या बिळांचे आणि पक्ष्यांच्या घरट्यांचे नेमके ठिकाण सार्वजनिक नकाशावर देऊ नये. एक-दोन किलोमीटरचा चौकोन दाखवणे पुरेसे आहे.

नमुना जपून ठेवला नसेल तर नावाचा पडताळा करता येत नाही. वनस्पतींसाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे. प्राण्यांसाठी पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र आणि मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. पर्यावरणीय परिणाम अहवालांत शेकडो जातींच्या याद्या असतात. त्यांतील एकाही जातीचा नमुना बहुतेकदा कोठेही जमा नसतो, आणि खाडीत कधी नसलेल्या जातीही त्या याद्यांत येऊन बसतात. यादीतील प्रत्येक तळजीवाचा आणि शंकास्पद वनस्पतीचा नमुना यांपैकी एका संस्थेत जमा केल्याचा क्रमांक दिल्याखेरीज अहवाल स्वीकारू नये. जे प्राणी रूपावरून ओळखता येत नाहीत, विशेषतः अळ्या आणि कृमी, त्यांच्यासाठी डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून ओळख पटवण्याची रीत २००३ पासून रूढ आहे. मात्र तुलनेसाठी लागणारा ओळखीचा साठा कोकणातील नमुन्यांवरच उभा राहू शकतो.

तयार नकाशा मराठीत, गावाच्या हद्दींसह आणि सर्व्हे क्रमांकांसह ग्रामपंचायतीत लावला जावा. अधिसूचनेत स्थानिक पातळीसाठी १:३९६० किंवा त्याच्या जवळच्या प्रमाणाची तरतूद आहे. त्या प्रमाणात माणसाला आपला बांध, आपली उघाडी, आपली डोल लावण्याची जागा ओळखता येते, आणि चूक असेल तर बोट ठेवून सांगता येते. कायम खुणा केलेल्या रेषांवर दरवर्षी आणि पूर्ण खाडीवर दर पाच वर्षांनी फेरमोजणी व्हावी.

सुरुवात तीन खाड्यांपासून करता येईल. अधिसूचनेच्या अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत मालवण आणि आचरा-रत्नागिरी ही नावे २०११ पासून आहेत आणि तिथे स्थानिक मच्छीमारांच्या सहभागाने व्यवस्थापन आराखडा करणे अपेक्षित आहे, म्हणून पहिली आचरा. कोयनेच्या पाण्याने क्षारता बदललेली म्हणून दुसरी दाभोळ. फुटलेल्या बांधांची आणि खारेपाटाची म्हणून तिसरी धरमतर. तिन्ही ठिकाणी चिखल आणि क्षारता यांची पहिली मोजणी मे महिन्यातल्या अमावस्येच्या उधाणात, पहाटेच्या ओहोटीला घ्यावी. दुसरी जुलैच्या पौर्णिमेला, रडार उपग्रहाच्या फेरीची तारीख आधी पाहून. कांदळवनातील झाडांची मोजणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकता येते. माशांची नोंद मात्र वर्षभर दर पंधरवड्याला, उधाण आणि भांग दोन्ही धरून, गावातल्याच पाग आणि डोल वापरणाऱ्यांकडून मेहनताना देऊन घ्यावी लागेल.